स्प्रे गन शिकताय? आधी कागदावरचा ठसा वाचा

गणपतीच्या आधीचे दोन महिने लालबाग-परळच्या गल्ल्यांतून चालत गेलात तर ताडपत्रीच्या मांडवांतून कॉम्प्रेसरची घरघर ऐकू येते. मूर्तीच्या अंगाचा रंग, पितांबराची छटा, सोंडेवरची हलकी गुलाबी झाक, हे बहुतेक काम आता गनने होतं. ब्रश लागतो तो डोळ्यांच्या आखणीला आणि बारीक दागिन्यांना. मी गन पहिल्यांदा धरली ती अशाच एका कारखान्यात. पुढे कुर्ल्याच्या एका गाळ्यात फर्निचरवर ड्युको आणि पीयू (पॉलियुरेथेन) हे रंग मारायला लागलो, तो आजवर.

या धंद्यात नव्याने येणारा प्रत्येक जण मला एकच विचारतो: गन कोणती घेऊ? मी त्याच्या हातात जुनं वर्तमानपत्र देतो. गनचा फवारा कागदावर जो ठसा उमटवतो, तो वाचता आला की साध्या गननेही चांगलं काम होतं. तो वाचता येत नसेल तर महागडी गनही ओघळच देते. हा लेख त्या ठशापर्यंत पोहोचण्यासाठी आहे. मध्ये हवा, पाणी, थिनर, मास्क असं बरंच काही येईल, कारण ते सगळं शेवटी ठशात दिसतं.

आधी गनच्या आत डोकवा

गनचं पुढचं तोंड उघडा. तीन गोष्टी दिसतील: टोकदार सुई, ती ज्यात बसते तो नोझल आणि त्यावरची एअर कॅप. कॅपला दोन्ही बाजूंना दोन शिंगं असतात आणि त्या शिंगांना बारीक भोकं. ट्रिगर अर्धा दाबला की फक्त हवा सुटते. पुढे दाबला की सुई मागे सरते आणि नोझलमधून रंगाची धार निघते. धारेभोवतीच्या गोल फटीतून हवा प्रचंड वेगाने बाहेर पडत असते. रंग सावकाश आणि हवा वेगात, या फरकामुळे धार ताणली जाते, तिचे तंतू होतात आणि तंतू तुटून थेंब होतात. चांगल्या फवाऱ्यातले बहुतेक थेंब मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढेच असतात. मग शिंगांतली हवा दोन्ही बाजूंनी दाब देऊन या गोल फवाऱ्याचा चपटा पंखा करते.

रंग जाड असेल तर तो तुटायला नकार देतो. हवा कमी पडली तरी तेच होतं. म्हणून माल, म्हणजे कपातला रंग, किती पातळ आणि हवा किती, या दोन प्रश्नांवरच बाकी सगळं उभं आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण मला तो आवडतो. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात डेव्हिल्बिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रोग्याच्या घशात औषध फवारता यावं म्हणून त्यांनी रबरी फुग्याचा फवारा तयार केला. त्यांच्या मुलाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तीच कल्पना रंगासाठी वापरली. मग १९२३ मध्ये ड्यूपाँ कंपनीचा ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोज रंग आला. मोटारींचं रंगकाम सुकायला आठवडे लागायचे, ते तासांवर आलं. हा रंग इतक्या लवकर सुकायचा की ब्रशने मारणं कठीण, त्यामुळे गनचा वापर झपाट्याने पसरला. आपल्याकडे आजही गनने मारलेल्या कुठल्याही गुळगुळीत रंगाला 'ड्युको' म्हणतात, मग डब्यात पीयू का असेना.

खरेदी

मुंबईत अवजारांच्या बाजारात, नागदेवी स्ट्रीटला गेलात की दुकानदार दहा गन समोर मांडेल. शिकणाऱ्याने वर कप असलेली, १.४ मिलिमीटर नोझलची साधी गन घ्यावी. वरच्या कपातला माल आपल्या वजनाने खाली उतरतो, त्यामुळे कमी दाबात काम होतं आणि शेवटचा घोटभर मालही वापरता येतो. खाली कप असलेली गन माल खेचून वर घेते. तिला हवा जास्त लागते आणि नोझल सहसा १.८ च्या आसपास असतो. मोठ्या कपाटांना किंवा लोखंडी ग्रिलला ती बरी. प्रायमर आणि सरफेसर (रंगाखालचे थर) जाड असतात, त्यांना १.६ ते २.० चा नोझल लागतो. टॉप कोट (सर्वात वरचा थर) आणि लॅकरला १.३ किंवा १.४.

एचव्हीएलपी (हाय व्हॉल्यूम, लो प्रेशर) गनबद्दल सगळे विचारतात. तिच्यात हवा भरपूर आणि दाब कमी, कॅपपाशी १० पाउंड (दर चौरस इंचाला, म्हणजे पीएसआय) किंवा त्याहून कमी. साध्या गनमध्ये निम्म्याहून जास्त माल धुक्यासारखा उडून जाऊ शकतो, तर एचव्हीएलपीत बराच जास्त माल वस्तूवर बसतो. माल वाचतो आणि छातीत धुरळाही कमी जातो. पण ती गन हवा खाते. लहान कॉम्प्रेसरवर ती लावली की पहिल्या मिनिटाला छान चालते, नंतर दाब पडतो आणि ठसा बिघडतो.

म्हणून कॉम्प्रेसर घेताना किती हॉर्सपॉवर हे विचारून थांबू नका. तो प्रत्यक्षात मिनिटाला किती घनफूट हवा देतो ते विचारा, आणि हा आकडा गनच्या कागदावरच्या आकड्याहून जास्त हवा. १ हॉर्सपॉवरमागे ढोबळमानाने ४ घनफूट धरा. साध्या लहान गनला २ हॉर्सपॉवर पुरतो. त्यासाठी १६ अँपियरचा स्वतंत्र पॉइंट ठेवा. फ्लॅटमध्ये साइटवर काम असेल तर एक्स्टेंशन बोर्डाच्या भरवशावर राहू नका.

एअरलेस पंपाच्या वाटेला पहिल्या वर्षी जाऊ नका. त्यात हवा नसतेच. २००० ते ३००० पाउंड दाबाने रंगच बारीक भोकातून फुटून बाहेर येतो. जहाजं, पूल, टॉवरच्या भिंती यांसाठी तो उत्तम आहे, पण त्या धारेसमोर बोट आलं तर रंग कातडीखाली घुसतो. बाहेरून फक्त सुई टोचल्यासारखं दिसतं. तसं कधी कोणाला झालं तर दुखत नसलं तरी त्याच क्षणी रुग्णालय गाठा आणि 'दाबाने रंग आत गेलाय' असं स्पष्ट सांगा. त्यात बोट जाऊ शकतं.

मास्क आणि आग: हे न करता पुढची पायरी नाही

कापडी रुमाल किंवा एन ९५ मास्क धुरळा अडवतो, थिनरची वाफ अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा रबरी मास्क घ्या. दाढी वाढलेली असेल तर तो बसत नाही. वास यायला लागला की कार्ट्रिज संपलं. पीयू कडक व्हावा म्हणून त्यात हार्डनर मिसळतात, त्यात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं. त्याची फुप्फुसांना एकदा ॲलर्जी बसली की दमा लागतो आणि पुढे थोड्याशा वाफेनेही तो उसळतो. शिवाय आयसोसायनेटचा वास नाकाला वेळेवर कळत नाही. रोज पीयू मारणाऱ्याला बाहेरची स्वच्छ हवा पुरवणारा मास्कच हवा. आमच्या पिढीतले चांगले हात मी छाती गेल्यामुळे घरी बसलेले पाहिले आहेत. हातमोजे आणि चष्मा तर धराच.

थिनरची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीवरून सरपटत जाते. गाळ्याच्या दुसऱ्या टोकाला देव्हाऱ्यात निरांजन तेवत असेल तरी ती तिथवर पोहोचते. काम चालू असताना दिवा, उदबत्ती, शेगडी, विडी काहीही नको. पंखा वाफ बाहेर ओढेल असा लावा, तुमच्या तोंडावर वारा मारेल असा नको. एनसीचा, म्हणजे नायट्रोसेल्युलोज रंगाचा, सुकलेला भुगाही चटकन पेट घेतो, रोज झाडून टाका.

मुंबईची हवा आणि नळीतलं पाणी

हा भाग पुण्या-नाशिकच्या माणसाने वाचला नाही तरी चालेल, मुंबईकराने दोनदा वाचावा.

जुलैतल्या ३० अंशांच्या, ८५ टक्के दमट हवेच्या एका घनमीटरमध्ये जवळजवळ २५ ग्रॅम पाणी असतं. २ हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर तासात साधारण १३ घनमीटर हवा गिळतो. ती आठव्या हिश्शात दाबली आणि थंड झाली की त्यातलं बहुतेक पाणी बाहेर पडतं. हिशोब केलात तर सलग तासभर चाललेल्या कॉम्प्रेसरमधून पाव लिटरहून जास्त पाणी निघतं. यातलं काही टाकीच्या तळाशी बसतं, काही नळीतून थेट गनकडे निघतं.

पंपातून हवा गरम निघते आणि गरम हवेत पाणी वाफ होऊन राहतं. म्हणूनच कॉम्प्रेसरच्या तोंडाशी लावलेला फिल्टर फारसं काही पकडत नाही. पाणी त्याला ओलांडून जातं आणि पुढे नळीत थेंब होतं. फिल्टर-रेग्युलेटर (पाणी अडवणारा आणि दाब ठरवणारा) कॉम्प्रेसरपासून पंचवीसेक फूट लांब लावा, शक्य असेल तर मधला पाइप लोखंडी ठेवा म्हणजे हवा वाटेत थंड होते. टाकीचा खालचा कॉक पावसाळ्यात दर दोन तासांनी उघडा.

हे मी एका जुलैत शिकलो. स्वयंपाकघरातल्या कपाटांचे १४ शटर (दारं) पांढऱ्या पीयूने मारले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांवर टाचणीच्या डोक्याएवढे फुगे. हार्डनर पाण्याशी भिडला की कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तोच त्या फुग्यांत होता. १४ च्या १४ शटर घासून पुन्हा मारावे लागले. तेव्हापासून गनला नळी जोडण्याआधी मी नळीचं तोंड कोऱ्या कागदावर धरून दहा सेकंद हवा सोडतो. कागदावर एक जरी ठिपका ओला दिसला तर काम सुरू होत नाही. हा तुमचा पहिला ठसा समजा.

माल पातळ करणं

माल आधी नीट ढवळा, डब्याच्या तळाचा थर वर आला पाहिजे. डब्यावर लिहिलंय तेवढाच हार्डनर आणि त्याच कंपनीचं थिनर घाला. पीयूमध्ये एनसीचं थिनर कधीही घालू नका. त्यात अल्कोहोल असतं, ते हार्डनर खाऊन टाकतं आणि रंग कधी पुरा कडक होत नाही. दुकानदार 'चालतं हो' म्हणेल, तरी घालू नका.

पातळपणा मोजायला बी-४ फोर्ड कप घ्या. तळाला भोक असलेला छोटा कप. भोकावर बोट ठेवून काठोकाठ भरा, बोट काढा आणि धार तुटेपर्यंतचे सेकंद मोजा. बहुतेक टॉप कोट १८ ते २२ सेकंदांत चांगले चालतात, प्रायमर त्याहून थोडा जाड. तोच डबा जानेवारीच्या सकाळी आणि मेच्या दुपारी वेगळे सेकंद दाखवतो, म्हणून 'एका डब्याला अर्धा डबा थिनर' असा ठोकताळा धरू नका. मग गाळणीतून गाळा. गाळणी दोन-चार रुपयांची, पण न गाळलेला एक कण नोझलमध्ये अडकला की सगळा ठसा वाकडा.

आता ठसा

सुरुवातीचे चार दिवस कपात रंग घालूच नका, पाण्यात थोडा पोस्टर कलर घाला. भिंतीवर वर्तमानपत्राचे ताव चिकटवा.

मालाचा नॉब (रंग किती यावा ते ठरवणारा) पूर्ण बंद करा, पंख्याचा नॉब (फवारा किती रुंद ते ठरवणारा) पूर्ण उघडा. ट्रिगर दाबून ठेवा आणि दाबलेला असतानाच रेग्युलेटरवर दाब लावा. ट्रिगर सोडलेला असताना काटा ५० दाखवतो आणि दाबला की ३५ वर येतो. खरा आकडा ३५. लांब आणि अरुंद नळी आणखी दाब खाते, म्हणून आतून ८ मिलिमीटरपेक्षा बारीक नळी घेऊ नका आणि जमलं तर गनच्या बुडाशीच छोटा काटा लावा.

आता मालाचा नॉब दोन फेरे उघडा. गन कागदापासून एक वीत लांब, अगदी काटकोनात, स्थिर धरा. क्षणभर ट्रिगर दाबा आणि सोडा. कागदावर उभा, लांबट अंड्यासारखा ठसा उमटला पाहिजे. मध्यभागी एकसारखा, कडांना हळूहळू विरळ.

कडेचे थेंब निरखून पाहा. मोठे ठिपके दिसले तर दाब ५ पाउंडांनी वाढवा आणि पुन्हा मारा. ठिपके बारीक होत जातील. एका टप्प्यानंतर दाब वाढवूनही ते आणखी बारीक होणार नाहीत, तिथे थांबा. त्या टप्प्याचा सर्वात कमी दाब हाच तुमचा दाब. त्यावर वाढवलेलं प्रत्येक पाउंड रंग हवेत उडवतं.

यापुढची चाचणी मी सगळ्यांकडून करून घेतो. एअर कॅप पाव फेरा फिरवा म्हणजे ठसा आडवा पडेल. आता ट्रिगर दाबून धरा, कागदावरून ओघळ सुटेपर्यंत. ओघळांच्या लांबीकडे बघा. सगळे जवळजवळ सारखे असतील तर गन जमली. मधले लांब आणि कडेचे आखूड असतील तर माल मध्ये साचतोय: दाब थोडा वाढवा, किंवा माल पातळ करा, किंवा मालाचा नॉब थोडा बंद करा. दोन्ही टोकांचे लांब आणि मध्ये जागा कोरडी असेल तर पंखा फाटलाय: हवा जास्त, माल कमी. पंख्याचा नॉब थोडा आत घ्या किंवा माल वाढवा.

ठसा चंद्रकोरीसारखा वाकडा आला तर कुठेतरी भोक बुजलंय. कुठलं, ते असं शोधा: कॅप अर्धा फेरा फिरवून पुन्हा मारा. कोर उलट बाजूला वळली तर दोष कॅपच्या शिंगात. वळली नाही तर दोष नोझलवर, तिथे सुकलेला रंग चिकटलाय. या एका युक्तीने किती गन भंगारात जाण्यापासून वाचल्या आहेत, मोजदाद नाही.

फवारा थांबत थांबत, फर्रफर्र येत असेल तर मालाच्या वाटेत हवा शिरतेय. कपात माल कमी आहे का, झाकणावरचं छोटं भोक बुजलंय का, नोझल सैल आहे का, सुईची पॅकिंग सुकली आहे का, याच क्रमाने बघा. बहुतेक वेळा झाकणाचं भोकच असतं.

चांगला ठसा आला की तो कापून वहीत चिकटवा आणि बाजूला नोझल, दाब, सेकंद, तारीख लिहा.

हात

गन पृष्ठभागाला समांतर चालली पाहिजे. नवा माणूस मनगट फिरवतो, मग मध्ये रंग जाड आणि टोकांना खरखरीत. मनगट आवळून ठेवा, खांदा आणि पाय चालवा. अंतर एक वीत, ७ ते ८ इंच. वेग सेकंदाला साधारण फूटभर. फळीच्या कडेच्या आधी हात सुरू करा, कडेवर येताना ट्रिगर दाबा, पलीकडची कड ओलांडल्यावर सोडा. परतीचा पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवा, म्हणजे गनची नजर मागच्या पट्ट्याच्या खालच्या काठावर.

आधी कडा आणि कोपरे, मग सपाट भाग. रंगाच्या एका जाड हातापेक्षा (थरापेक्षा) दोन-तीन ओले, पातळ हात मारा आणि प्रत्येक हातानंतर डब्यावर सांगितलेला वेळ थांबा. उजेड तिरका पाडा. ताजा रंग ओला चमकताना दिसला पाहिजे. संत्र्याच्या सालीसारखा दिसला तर माल जाड किंवा गन लांब. ओघळ आला तर हात सावकाश किंवा गन जवळ. माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडले तर खाली तेल किंवा सिलिकॉन आहे. त्यावर आणखी हात मारून ते भरत नाहीत, सुकवून, घासून, पुसूनच पुन्हा मारावं लागतं.

पावसाळ्यात एनसी लॅकर मारल्यावर काही मिनिटांत पांढरट धुकं चढलं तर घाबरू नका. थिनर झपाट्याने उडालं, पृष्ठभाग थंड झाला आणि हवेतली वाफ त्यावर बसली. पुढच्या मालात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात रिटार्डर घाला, तो थिनरचं उडणं मंदावतो. आधीच पांढरं पडलेल्या भागावर रिटार्डरचा हलका धुक्यासारखा हात मारला तर बहुतेकदा ते साफ होतं. मुसळधार पावसात मात्र मी एनसीचं काम घेतच नाही.

गन धुणं

पीयूचा उरलेला माल कपात ठेवून चहाला जाऊ नका, तो गनमध्येच दगड होतो. काम संपताच कप रिकामा करा, थिनर घाला, ते स्वच्छ निघेपर्यंत मारा. मग आधी सुई मागे काढा आणि त्यानंतरच नोझल सोडवा; उलट केलंत तर दोघांची बैठक खराब होते. भोकं ब्रशच्या मऊ केसाने किंवा लाकडी काडीने साफ करा, तार घालू नका. भोक केसभर जरी रुंद झालं तर ठसा कायमचा वाकडा होतो. अख्खी गन थिनरमध्ये बुडवून ठेवू नका, पॅकिंग फुगतात. रंग काढायचं रिमूव्हर ॲल्युमिनियमच्या गनमध्ये कधीही भरू नका, त्यातली काही रसायनं धातूशी स्फोटक रीतीने भिडतात.

सुईच्या पॅकिंगवर सिलिकॉन नसलेल्या तेलाचा एक थेंब टाका. गन जोडा, कपात घोटभर थिनर घाला आणि कागदावर शेवटचा ठसा मारा. तो सकाळच्या ठशासारखा असला तर गन खुंटीला लावा. कॉम्प्रेसर बंद करा, टाकीतली हवा सोडून द्या आणि खालचा कॉक रात्रभर उघडाच ठेवा.